परदेशी जाणाऱ्या मुली-सुनांची कागदपत्रे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या चिटणीसांनी यंदा आम्हांस जो विषय नेमून दिला तो ऐकून प्रथम आम्ही थोडे बिचकलो. व्याकरण, शुद्धलेखन, फार तर संतवाङ्मय, एवढ्यावर बोलण्याची आम्हांस सवय. परंतु अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत पसरलेल्या आपल्या कुटुंबांत ज्याचे कोणीच समुद्रापलीकडे नाही असे घर आता विरळा. लग्न ठरते, कार्यालय मिळते, सर्व काही यथासांग पार पडते. आणि तीन आठवड्यांची रजा संपताच जावई एकटाच विमानात बसतो. मुलगी मागे राहते. ती सासरची झालेली असते, पण सासर जेथे आहे त्या भूमीवर पाऊल ठेवण्यास तिला परवानगी नसते. या मधल्या काळाविषयी व तो लांबण्याच्या कारणांविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

ही अडचण विमानांबरोबर आली असा कित्येकांचा समज आहे. तो खरा नव्हे. सन १८८३ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या तेव्हा बोटीचे तिकीट आणि मनाचा धीर एवढीच सामग्री पुरली. त्यांचे यजमान गोपाळराव मागाहून गेले. (आधी पत्नी व मागाहून पती हा क्रम आपल्या जावईमंडळींनी ध्यानात ठेवावा; सांप्रत परिचारिका व अभियंता झालेल्या आपल्या मुलींच्या मागून त्यांचे पतीही 'अवलंबित' या सदराखाली अर्ज करू लागले आहेत.) परंतु तो मोकळेपणा टिकला नाही. १४ मार्च १९१३ रोजी दक्षिण आफ्रिकेत केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी पतीकडे आलेल्या एका हिंदी स्त्रीस उतरू देण्याचे नाकारले. ज्या धर्मात एकाहून अधिक पत्नींची मुभा आहे त्या धर्माच्या रीतीने लागलेला विवाह तेथील कायद्यास मान्य नाही, असे त्यांनी ठरविले. एका निकालासरशी सहस्रावधी गरती स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने कोणाच्याच पत्नी उरल्या नाहीत. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि त्यांनी तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली. नामदार गोखल्यांनी प्रकृती ढासळलेली असतानाही त्या लढ्यासाठी इकडे निधी उभारला. १९१४ साली कायदा झाला आणि एका पुरुषाची एक पत्नी एवढ्यापुरता आपला विवाह तेथे मान्य झाला.

पुढे १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जे घडले ते भगिनींसमोर सांगताना संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. नियोजित वराशी विवाह करण्यासाठी गेलेल्या एका भारतीय स्त्रीची, ती अविवाहित आहे की नाही हे पाहण्यासाठी, शारीरिक तपासणी करण्यात आली. ती स्त्री पेशाने शिक्षिका होती. वृत्तपत्रांतून बोभाटा झाल्यावर ती पद्धत बंद झाली. त्यानंतरही १९९७ पर्यंत इंग्लंडात असा नियम होता की विवाहाचा मुख्य हेतू त्या देशात प्रवेश मिळविणे हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करावे. आईबापांनी पाहून जमविलेल्या लग्नात हेतू सिद्ध कसा करावयाचा, हे त्या नियमकर्त्यांनाच ठाऊक!

इतका इतिहास सांगितला तो एवढ्यासाठी की परदेशी कचेरीतल्या अधिकाऱ्याचा प्रश्न अद्यापि तोच आहे: हा विवाह खरा कशावरून? आपल्याकडे चार माणसांत मंगलाष्टके झाली, पंगत उठली, की विवाहाला साक्ष लागत नाही. तो अधिकारी आपल्या मांडवात नसतो. त्याच्यापुढे फक्त कागद असतात, आणि ते कागद एकमेकांशी बोलताना अडखळले की त्याला संशय येतो.

आता हे अडखळणे बहुतांशी नावापाशी होते. आपल्या मुलीचे नाव जन्मनोंदीत एक असते, किंवा कित्येकदा तेथे नावाची जागा कोरीच असते. शालान्त प्रमाणपत्रावर तिचे नाव, वडिलांचे नाव व माहेरचे आडनाव. लग्नाच्या दिवशी लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटातल्या तांदळांत अंगठीने दुसरेच नाव लिहिले जाते. मग आधार कार्डावर नवे नाव, पारपत्रावर जुने, लग्नपत्रिकेवर घरगुती लाडके नाव, आणि विवाहाच्या दाखल्यावर यांपैकी जे त्या दिवशी सुचेल ते! इंग्रजी हिज्ज्यांची कथा आणखी निराळी. सावंत हे आडनाव कोणी 'व्ही' घालून लिहितो, कोणी 'डब्ल्यू' घालून, अश्विनीचेही तसेच. आपल्या दृष्टीने दोन्ही बरोबर. यंत्राच्या दृष्टीने मात्र त्या दोन निरनिराळ्या स्त्रिया आहेत. शाळेत नाव दाखल करताना हे हिज्जे बहुधा कारकून ठरवी आणि पालक मान डोलावीत. वीस वर्षांनी त्याचा जाब परदेशी कचेरीत मुलीला द्यावा लागतो.

आमच्या माहितीतील घाटकोपरच्या एका मुलीचा अर्ज याच कारणास्तव दोनदा परत आला. तिने नोकरीचा राजीनामा लग्नापूर्वीच दिला होता. सासूसासरे गावी, पती परदेशी, आणि ही माहेरी. न कुमारिका, न संसारी. शेजारीपाजारी विचारीत, "अगं, अजून इथेच?" त्या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन ती मुलगी सायंकाळी खाली उतरेनाशी झाली. सव्वा वर्षाने ती गेली खरी. परंतु दोष शोधू लागल्यास तो एका अक्षराचा निघाला.

यास्तव आमचे पहिले सांगणे हे की विवाहानंतर नाव बदललेच पाहिजे असा आपल्या देशात कोणताही कायदा नाही. तांदळांतले नाव देवापुढे व घरात खुशाल चालू द्यावे. कागदावर जन्मापासूनचे नाव राहू द्यावे. बदलणे ज्यांना अगत्याचेच वाटते त्यांनी शासकीय राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा आणि मग सगळेच कागद त्या नावाचे करावेत. अर्धे जुने व अर्धे नवे ही स्थिती सर्वांत वाईट.

दुसरी गोष्ट विवाहनोंदणीची. आपल्या राज्यात १९९८ च्या कायद्याखाली (हाच कायदा आपल्या वधूवरसूचक मंडळांनाही लागू आहे, हे कार्यकारी मंडळाने विसरू नये) विवाहाची नोंद ९० दिवसांच्या आत करावयाची असते. महानगरपालिकेच्या विभाग कचेऱ्यांत ती होते: बोरिवलीस आर मध्य, घाटकोपरास एन, मुलुंडास टी, अंधेरीस के. ज्ञापनावर उभयतांबरोबर तीन साक्षीदारांच्या व विवाह लावणाऱ्या पुरोहितांच्याही सह्या लागतात. गुरुजी दक्षिणा घेऊन गावी गेले की त्यांची सही मिळविण्यास जी धावपळ होते ती अनेकांनी अनुभवली असेल. म्हणून मांडवातच कागद पुढे करावा. गावाकडे लग्न लावून तेथील ग्रामसेवकाकडे नोंद केलेल्यांचा दाखला मराठीतच असल्यास त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.

येथे एका धोक्याची सूचना दिल्यावाचून राहवत नाही. अर्जास विलंब नको म्हणून साखरपुडा होताच कोण्या संस्थेकडून विवाहाचा दाखला मिळवावयाचा, नोंदणीही उरकावयाची, आणि खरे लग्न सवडीने पुढल्या वर्षी लावावयाचे, अशी एक चाल पडू पाहत आहे. १९ एप्रिल २०२४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. उभयता वैमानिक, दाखला झालेला, नोंदही झालेली, परंतु विधी झालेले नव्हते. पुढे बिनसले. न्यायालयाने सांगितले की १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या ७ व्या कलमाप्रमाणे विधी झाले नसतील तर नुसत्या नोंदणीने विवाह होत नाही. दाखला रद्द झाला आणि त्यावर आधारलेले पोटगीचे व इतर दावेही त्याबरोबर गेले. परदेशी जाण्याचा परवाना मिळावा म्हणून अशा नोंदी केल्या जातात, याचा निकालात स्पष्ट उल्लेख आहे. ज्यांना घाईच आहे त्यांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ३० दिवसांची नोटीस देऊन अधिकाऱ्यापुढे विवाह करावा. तो त्या क्षणीच पूर्ण विवाह होतो. मागाहून हौसेने मंगलाष्टके म्हणण्यास कोणाची हरकत नाही.

ज्यांचा हा दुसरा विवाह आहे त्यांच्याविषयी दोन शब्द. पूर्वीची फारकत ज्ञातीतील वडीलधाऱ्यांसमोर झाली, लेखही झाला, एवढे परदेशी कचेरीस पुरत नाही. ती न्यायालयाचा हुकूमनामा मागते. आपल्या संस्थेच्या शिक्क्याचे पत्र तेथे उपयोगी पडेल या आशेने येणाऱ्यांना चिटणीसांनी नम्रपणे नकार द्यावा.

देशादेशांचे नियम सांगू गेल्यास रात्र सरेल. इंग्लंडात पत्नीस बोलावणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न २०१२ पासून १८,६०० पौंड असावे लागे. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांस २९,००० पौंडांची अट लागू झाली. शिवाय इंग्रजीची परीक्षा व क्षयरोगाची तपासणी आहेच. जर्मनीने २००७ पासून पत्नीस जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षा सांगितली. उच्चशिक्षितांच्या 'ब्लू कार्ड'धारक पतींच्या पत्नींना त्यातून सूट आहे. मुलुंडची नवी सून मंगळागौरीच्या जागरणानंतर दुसऱ्या दिवशी काळा घोड्यास मॅक्सम्युलर भवनात जर्मन क्रियापदे घोकीत बसते, हे दृश्य आम्हांस, खरे सांगावयाचे तर, कौतुकाचे वाटते. भाषा शिकलेली मुलगी परमुलखात मुकी राहत नाही. कॅनडाने ११ जून २०१५ पासून दूरध्वनीवर किंवा संगणकाच्या पडद्यावर लागलेले विवाह या कामी अमान्य केले आहेत.

दाखल्यांवरील शिक्क्यांचाही घोळ होतो. 'अपॉस्टिल' नावाच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्याची पद्धत भारतापुरती १४ जुलै २००५ पासून अमलात आली, पण दुबईकडील अमिराती त्या करारात नाहीत; तेथे राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय व त्यांचा वकिलात-विभाग अशी पायरी-पायरीने साक्षांकने लागतात. जर्मनीने तर भारताच्या प्रवेशासच हरकत घेतली. तेव्हा शेजाऱ्याच्या मुलीला चालले ते आपल्या मुलीला चालेल, या भरवशावर राहू नये.

अमेरिकेचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. पती नागरिक असल्यास पत्नीस संख्येची मर्यादा नाही. पती नुसता 'ग्रीन कार्ड'धारक असल्यास रांग आहे. पती नोकरीच्या परवान्यावर असल्यास पत्नी त्याच्या परवान्याच्या सावलीत जाते. या शेवटच्या वर्गातील पत्नींना पूर्वी नोकरीची मनाईच होती. २६ मे २०१५ पासून त्यांपैकी काहींना, म्हणजे ज्यांच्या पतीच्या कायम वास्तव्याच्या अर्जाची ठराविक पायरी मंजूर झाली आहे अशांना, कामाची परवानगी मागता येऊ लागली. तत्पूर्वी एम.एस्सी., बी.ई. झालेल्या आपल्या कित्येक मुली तिकडे वर्षानुवर्षे भांडी घाशीत बसल्या. लग्न जमविताना वराचा पगार विचारणारे आपण लोक, त्याचा परवाना कोणत्या वर्गाचा आहे आणि त्यावर आपल्या मुलीला काय करता येईल, हे विचारीत नाही. ते आधी विचारावे. त्यात भिडेचे काही नाही.

कारण पत्नीचा परवाना हा पतीच्या परवान्याला बांधलेला असतो, ही गोष्ट नुसत्या सोयीची राहत नाही. पतीने अर्ज मागे घेतला, किंवा मुदत संपताना सही केली नाही, तर ती तेथे परकी होते. विवाहास दोन वर्षे होण्यापूर्वी कायम वास्तव्य मिळाल्यास अमेरिकेत १९८६ पासून ते आधी दोन वर्षांपुरते सशर्त असते आणि ती शर्त काढण्याचा अर्ज सामान्यतः उभयतांनी मिळून करावयाचा असतो. सज्जन घरात यातून काही बिघडत नाही. पण सर्व घरे सज्जन असती तर राष्ट्रीय महिला आयोगास अनिवासी विवाहांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष चालवावा लागला नसता, आणि विधि आयोगास २०२४ च्या फेब्रुवारीत याच विषयावर २८७ वा अहवाल सादर करण्याचे प्रयोजन पडले नसते. आणि त्या देशांतील न्यायालयांकडून फार अपेक्षा धरू नये. २१ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, परदेशी पतीला वा पत्नीला देशात घेण्याचा घटनादत्त मूलभूत हक्क नागरिकालाही नाही, असे ठरविले. सर्लसाहेबांच्या निकालास तेव्हा १११ वर्षे झाली होती.

म्हणून मुलीचे पारपत्र, विवाहाचा दाखला, पदवीची प्रमाणपत्रे व अर्जांच्या नकला तिच्या स्वतःच्या ताब्यात असाव्यात आणि एक संच माहेरी असावा. 'जावयाकडे सर्व आहे' हे वाक्य आम्ही फार घरांत ऐकले आहे. दागिने कोणत्या कुलपात आहेत हे ज्या आईला ठाऊक असते तिला हे कागद कोठे आहेत तेही ठाऊक असावे. परवाना हाती येईपर्यंत मुलीने नोकरी सोडू नये आणि तोपर्यंत विमानाचे तिकीटही काढू नये.

अध्यक्षांच्या संमतीने शेवटी एक निवेदन करतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही व दोन तरुण सभासद संस्थेच्या कचेरीत बसणार आहोत. ज्यांच्या घरी असे लग्न ठरले असेल त्यांनी मुलीची जन्मनोंद, शालान्त प्रमाणपत्र, आधार व पारपत्र घेऊन यावे. अक्षरे आम्ही ताडून देऊ. मुलीला बरोबर आणावे, आणि पत्रिका छापावयास देण्यापूर्वी यावे.