ज्याचे ज्ञान, त्याचा वाटा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



स्मरणिकेत ‘घरोघरची औषधे’ हे नवे सदर सुरू करावे व पहिला लेख आम्ही द्यावा, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आमच्या घरचा मुरगळीवरील लेप आपणांपैकी पुष्कळांनी लावून घेतला आहे. तो लिहावयास बसलो आणि लेखणी अडली. ती का अडली, एवढेच आज निवेदन करावयाचे आहे.

केरळातील अगस्त्यमलै डोंगरात काणी नावाची वनवासी जमात राहते. १९८७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांचे एक पथक काणी वाटाड्यांसह त्या रानात हिंडत होते. शास्त्रज्ञ थकून गेले. वाटाडे मात्र एक रानफळ खात ताजेतवाने चालत राहिले. हे गुपित सांगण्यास ते प्रथम तयार नव्हते. पुढे विश्वास बसला, तेव्हा त्यांनी ‘आरोग्यपच्च’ ही वनस्पती दाखविली. डॉ. पुष्पांगदन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यापासून ‘जीवनी’ नावाचे औषध सिद्ध केले. १९९५ मध्ये ते बनविण्याचा परवाना कोइमतूरच्या एका औषधशाळेस १० लाख रुपये व विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन या अटींवर देण्यात आला. त्यातील निम्मा वाटा काणींचा ठरला. १९९७ मध्ये त्यांचा विश्वस्त निधी स्थापन झाला आणि १९९९ मध्ये सुमारे ५ लाख रुपये त्यात जमा झाले.

ही गोष्ट गौरवाची खरी. पण तिची दुसरी बाजूही आहे. गुपित सांगणारे दोघे-तिघे. जमात मात्र अनेक पाड्यांतून विखुरलेली. आम्हांस कोणी विचारले, असा प्रश्न काही काणींनी केला, तो योग्यच होता. वाटा देणे चांगले. परंतु विचारणे त्याच्याही आधीचे.

हळदीचे उदाहरण आपणांस ठाऊक असेल. जखमेवर हळद लावण्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व लेख पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये ते रद्द करविले. हळदीस ग्रंथांची साक्ष होती. जे ज्ञान केवळ मुखी राहते, त्याची साक्ष कोणी द्यावी?

आता आमच्या लेपाकडे वळतो. त्यास सारे ‘गुरुजींचा लेप’ म्हणतात. वस्तुस्थिती अशी की, आमच्या आजोबांचा पाय लावणीच्या दिवसांत मुरगळला असता डोंगराकडील कातकरी वाडीतील एका वृद्धेने पाला वाटून बांधला आणि तो ओळखावयास शिकविले. तिचे नाव आमच्या घरात कोणी जपले नाही. आम्ही कोणाकडून पैसा घेतला नाही हे खरे. पण मान घेतला. मान हाही लाभच होय.

गेल्या महिन्यात आम्ही त्या वाडीवर गेलो. ती वृद्धा कोण, हे आता तेथेही कोणास सांगता येईना. एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “गुरुजी, वाडीचं नाव सांगा, पण पाल्याचं नाव छापू नका. आधीच लांब चढून जावं लागतं. छापलंत तर लोक मुळासकट उपटून नेतील.” आम्ही शब्द दिला. म्हणून लेपाची कृती या स्मरणिकेत येणार नाही. कार्यकारी मंडळाने क्षमा करावी.

सदर मात्र अवश्य चालावे. आमच्या तीन विनंत्या आहेत. प्रत्येक औषधाखाली ते कोणाकडून शिकलो, हे लिहावे. छापण्यापूर्वी त्यांस विचारावे, आणि ते ‘नको’ म्हणाले तर मानावे. कोणी ते विकू लागला, तर त्यांचा वाटा आधी ठरवावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव व्यवस्थापन समिती व लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. आपल्यापैकी जे ग्रामपंचायतीत आहेत, त्यांनी त्या समितीत वाडीवरची माणसे बसवावीत. काय नोंदवावे आणि काय नोंदवू नये, हे त्यांनीच सांगावे.

आमच्या घरी मुरगळलेला पाय घेऊन आपण पूर्वीप्रमाणेच यावे. लेप मिळेल. मात्र यापुढे त्यास ‘वाडीचा लेप’ म्हणावे, ही प्रार्थना.