आपला दवाखाना आणि आपण

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. त्यांची अपेक्षा अशी दिसते की बँकेतून निवृत्त झालेला माणूस ज्येष्ठांच्या ठेवी, नॉमिनेशन, पंधरा-एच फॉर्म अशा विषयावर बोलेल. ते सगळं मी जिन्यात भेटेल त्याला फुकट सांगतोच. आज मला आपल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्याबद्दल बोलायचं आहे. डॉक्टरांचं नाव घेत नाही, छापायचं तर मुळीच नाही. त्यांची परवानगी मात्र घेतली आहे, आणि ते आत्ता तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या हिचे गुडघे दुखत होते, म्हणून वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. ब्लडप्रेशर आणि साखर आधीपासूनच. डॉक्टरांनी सावधगिरी म्हणून मूत्रपिंडाची रक्ततपासणी करायला सांगितली. लॅबच्या मुलाने दुसऱ्या दिवशी रिपोर्ट दवाखान्यात आणून टाकला. कंपाउंडरने तो फाइलमध्ये लावला. आम्ही समजलो, काही असतं तर फोन आला असता. डॉक्टर समजले, रिपोर्ट घ्यायला येतीलच. असे नऊ दिवस गेले आणि नऊही दिवस ही त्याच गोळ्या घेत होती. क्रिएटिनिन वाढलेलं होतं, म्हणजे पहिल्याच दिवशी गोळ्या बंद व्हायला हव्या होत्या. पायांना सूज आली तेव्हा धावपळ झाली. चार दिवस हॉस्पिटलमध्ये काढले. आज ती पहिल्या रांगेत बसली आहे, पण मूत्रपिंडाचं जे नुकसान झालं त्यातलं थोडं कायमचं राहिलं. दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि साध्या डोकेदुखीच्या गोळीलाही विचार करावा लागतो.

मी दोन पानी तक्रार लिहिली. बँकेची सवय, ‘सबब’, ‘उपरोक्त विषयी’, सगळं त्यात होतं. ती घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर आधी चिडलेच. म्हणाले, “काका, रिपोर्ट न्यायला पेशंटनं यायचं असतं.” मी म्हटलं, “हे कुठे लिहिलंय?” ते गप्प बसले, मीही उठून आलो. तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. “काका, कुठंच लिहिलेलं नाही. या, बोलू.”

त्या तीन दिवसांत मला दोन जुन्या गोष्टी आठवत होत्या.

पहिली २०१८ सालची. मुलीकडे इंग्लंडला, लेस्टरजवळ, काही महिने राहिलो होतो. तिकडे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात. कापाकापी काही नसते, नुसतंच नाव. तिथे भिंतीवर ‘पेशंट पार्टिसिपेशन ग्रुप’ची सूचना होती. मुलीचे शेजारी निवृत्त बसचालक, ते त्या गटात होते. मला पाहुणा म्हणून घेऊन गेले. नऊ माणसं, चहा, बिस्किटं, दवाखान्याच्या मॅनेजरबाई आणि एक डॉक्टर. पहिलाच नियम सांगितला गेला, की इथे स्वतःची तक्रार मांडायची नाही, तिच्यासाठी वेगळी पद्धत आहे. इथे फक्त दवाखाना कसा चालतो त्यावर बोलायचं. मला ते आधी विचित्र वाटलं. माणूस स्वतःचं सोडून कशावर बोलणार?

पण बोलले. सकाळी आठला फोन लावायचा आणि ताटकळत बसायचं, यावर बराच वेळ गेला. मग ‘वेळ घेऊन न आलेल्या’ रुग्णांचा आकडा निघाला. मॅनेजरबाईंचा सूर असा की लोक बेजबाबदार आहेत. तेव्हा आमचे बसचालक म्हणाले की त्यांच्या एका ओळखीच्या म्हाताऱ्याला गैरहजर धरलं गेलं, आणि तो अर्धा तास तिथेच खुर्चीवर बसलेला होता. त्याला ऐकू कमी येतं. नाव पुकारलं ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. डॉक्टरांनी ते टिपून घेतलं.

घरी आल्यावर कुतूहल म्हणून माहिती काढली. ऑक्सफर्डशायरमध्ये बेरिन्सफील्ड नावाचं गाव आहे, तिथल्या डॉ. पीटर प्रिचर्ड यांनी १९७२ मध्ये असा गट सुरू केला. १९७८ मध्ये अशा गटांची राष्ट्रीय संघटना झाली. एप्रिल २०१५ पासून तर इंग्लंडमधल्या प्रत्येक फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याला सरकारी करारानुसार असा गट ठेवणं बंधनकारक झालं. बंधनकारक झालं की कागदावर काय होतं, ते बँकेत चाळीस वर्षं काढलेल्याला सांगायला नको.

दुसरी आठवण त्याचीच, आणि ती माझ्या चुकीची आहे. १९९० मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकसेवेवर गोईपोरिया समिती नेमली, १९९१ च्या डिसेंबरात तिचा अहवाल आला. पुढे शाखा पातळीवर ग्राहक सेवा समित्या हव्यात, त्यात ग्राहक हवेत, एखादा ज्येष्ठ नागरिक हवा, अशा सूचनाही आल्या. मी तेव्हा शाखा व्यवस्थापक. माझ्या समितीवर कोण होतं? तीन मोठे ठेवीदार. महिन्याला बैठक, चहा, वेफर्स, मिनिट्स बुकात ‘सेवा समाधानकारक’. समाधानकारक असणारच! ते तिघे कधी रांगेत उभेच राहिले नव्हते, माझ्या केबिनमध्ये बसत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनर मंडळी पासबुकासाठी तास-तासभर उभी असायची, त्यांतला एकही समितीवर नव्हता. हे मला निवृत्त होऊन स्वतः त्या रांगेत उभं राहिल्यावर कळलं.

तर डॉक्टरांकडे गेलो, तक्रारीची दोन पानं खिशातच ठेवली आणि या दोन्ही गोष्टी सांगितल्या. आपल्या संस्थेतले पाच आणि शेजारच्या सोसायटीतले दोन, असे सातजण जमलो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक. नियम लेस्टरचाच.

पहिलं काम रिपोर्टचं रजिस्टर. बँकेत संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय कोणी घरी जात नाही. पाच रुपयांचा फरक असला तरी सगळे थांबतात. मी म्हटलं, रिपोर्टचंही तसंच करू. किती आले, किती डॉक्टरांनी पाहिले, किती रुग्णांना कळवले, किती बाकी. आकडा जुळल्यावरच शटर खाली. कंपाउंडर आधी नाराज होता, नंतर त्याला त्याची चटकच लागली. डॉक्टरांनी एक अट घातली, की रजिस्टर आम्ही उघडायचं नाही. त्यात लोकांची दुखणी आहेत. अगदी बरोबर, खातेदाराची शिल्लक मी तरी कुठे चारचौघांत सांगायचो? आम्हाला फक्त महिन्याचे आकडे मिळतात.

टोकनचा प्रयोग मात्र सपशेल फसला. ती कल्पना माझीच. लोक टोकन घेऊन घरी जायचे, कुकर लावून परत यायचे, तोवर नंबर गेलेला, मग भांडण. एकदा दोन गृहस्थांनी सतरा नंबरवर दोघांनी हक्क सांगितला. दोन महिन्यांत टोकनं गुंडाळली. त्यातली पितळी आमच्याकडे अजून आहेत, नातवंडं खेळतात.

सहा महिने झाले. रजिस्टर रोज जुळत होतं, आम्ही खुशीत होतो. तेव्हा बी विंगमध्ये घरकाम करणाऱ्या एका ताईंनी आमची हवा काढली. त्याही त्याच दवाखान्यात जातात. त्यांच्या रिपोर्टपुढे ‘कळवले’ अशी नोंद होती आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं. फोन नंबर मुलाचा, मुलगा रिक्षावर, त्याने “हो हो” म्हटलं आणि विसरला. साखर बरीच वाढलेली होती. दहा दिवसांनी कळलं. म्हणजे आमचं नऊ दिवसांवरून दहा दिवसांवर, आणि मध्ये जुळणारं रजिस्टर!

मी त्यांना बैठकीला बोलावलं. म्हणाल्या, “काका, रविवारी सकाळी माझी चार घरं असतात.” तेव्हा लक्षात आलं, मी पुन्हा केबिनमधलीच समिती केली होती. सातही जण पेन्शनर. मग एक बैठक रात्री साडेआठला, वॉचमनच्या खोलीबाहेर घेतली. त्या आल्या, त्यांच्याबरोबर आणखी तिघी. एकीने सांगितलं, डॉक्टर औषध समजावतात ते बरोबर आलेल्या मॅडमकडे बघून, तिच्याकडे बघून नाही. डॉक्टर तिथेच होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या रात्रीनंतर रजिस्टरला आणखी एक रकाना आला: कोणाला सांगितलं, आणि रुग्णाने स्वतः काय समजलं ते परत म्हणून दाखवलं का.

हे आम्ही काही नवीन शोधलं असं नाही. आपल्याच महाराष्ट्रात २००७ पासून ग्रामीण आरोग्य अभियानात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार अशा जिल्ह्यांतल्या गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्रांवर लोकाधारित देखरेख ठेवली. जनसुनवाईत उभं राहून अधिकाऱ्यांना विचारलं, की औषधं का नाहीत, नर्सताई येत का नाहीत. आपण फ्लॅटवाले मात्र डॉक्टर बदलतो, प्रश्न विचारत नाही.

डॉक्टरांनाही याचा त्रास होतो, ते मी झाकत नाही. मागच्या वर्षी एकदा ते म्हणाले, बंद करू या, माझ्याच दवाखान्यात मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. दोन महिने बैठक झाली नाही. मग त्यांचाच मेसेज आला, की गेल्या महिन्यातले बाकी रिपोर्ट तीन आहेत, कोणीतरी येऊन विचारा. आम्ही गेलो.

आमच्यात चाळिशीच्या आतलं कोणी नाही. लहान मुलांच्या आया दवाखान्यात सगळ्यात जास्त बसतात आणि बैठकीत एकही नाही. ए विंगमधल्या तरुण मंडळींना विनंती, दोघंजण तरी द्या. वेळ तुम्ही सांगा, आम्ही जुळवून घेऊ. आम्हाला दुसरं काय काम आहे?

हिची तपासणी परवा आहे. रिपोर्टची वाट बघू. पुढची बैठक येत्या बुधवारी रात्री साडेआठला, वॉचमनच्या खोलीबाहेर. चहा संस्थेचा, बिस्किटं आपापली.