वाटणी नीट झाली तर ऊब पुरते

जर्मनीच्या गावोगावांहून आलेल्या मराठी अभियंता बंधुभगिनींनो,

या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत. आपल्यापैकी कुणी मोटारींच्या कारखान्यात आहे, कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी पुलांच्या कामावर. मी इमारतींच्या तळघरांत वावरणारा माणूस. बॉयलर, पंप, पाइप आणि त्यांचा हिशेब हा माझा व्यवसाय. त्यामुळे आजचं भाषणही तळघरातूनच वर येणार आहे. हा विषय निवडायला आणखी एक कारण आहे. आपल्यातले बहुतेक जण भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. तिथली ऊब सगळ्या इमारतीला मिळून एकाच बॉयलरमधून किंवा शहराच्या उष्णता-जाळ्यातून येते. आणि वर्षातून एकदा नेबेनकोस्टेनचा, म्हणजे भाड्याशिवायच्या जादा खर्चाचा, कागद टपालपेटीत पडला, की उच्चविद्याविभूषित मंडळीही कपाळाला हात लावून बसतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सामायिक हीटिंगमध्ये ऊर्जा वाया जाते, याचं खापर आपण जुन्या बॉयलरवर फोडतो. पण खरी गळती माणसांच्या रचनेत आहे. ऊब वापरतो आणि तिचे पैसे भरतो भाडेकरू. बॉयलर कोणता घ्यायचा हे ठरवतो घरमालक. आणि तो चालवायचा कसा, हे ठरतं हाउसमाइस्टरच्या, म्हणजे इमारतीच्या देखभालदाराच्या, किंवा मेकॅनिकच्या बोटांवर. तिघांचा हिशेब एका कागदावर येत नाही, तोवर नवं यंत्रही जुन्याच सवयीने चालतं.

या देशाने हा धडा दोन बाजूंनी गिरवला आहे. पूर्व जर्मनीतल्या प्लाटेनबाऊ, म्हणजे काँक्रीटच्या तयार फळ्यांच्या, इमारतींत हीटिंग भाड्यातच धरलेलं असे. पुष्कळ घरांत रेडिएटरला बंद करण्याजोगा व्हॉल्व्हही नसे. खोली फार तापली की लोक खिडकी उघडत. त्यांना बेपर्वा म्हणता येणार नाही, कारण त्यांच्या हाताशी दुसरी कळच नव्हती. पश्चिमेत 1973च्या तेलसंकटाने डोळे उघडले आणि 1981मध्ये हीटिंग खर्चाचा नियम लागू झाला. सामायिक हीटिंगच्या खर्चापैकी किमान 50 आणि कमाल 70 टक्के खर्च प्रत्यक्ष वापरावर वाटायचा, उरलेला घराच्या क्षेत्रफळावर. वापराप्रमाणे हिशेब मिळालाच नाही, तर भाडेकरूला आपल्या वाट्यातून 15 टक्के कापून घेण्याचा हक्क आहे.

दरवर्षी कुणी ना कुणी मला विचारतं, सगळाच खर्च वापरावर का नाही वाटत? तेच न्यायाचं नाही का? नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मधल्या फ्लॅटला चारही बाजूंनी शेजाऱ्यांची ऊब मिळते. वरच्या कोपऱ्यातल्या घराला दोन बाहेरच्या भिंती आणि छत सांभाळावं लागतं. मधल्या घरातल्या माणसाने सगळे रेडिएटर बंद ठेवले, तरी तो गारठत नाही, कारण तो शेजाऱ्यांच्या पैशांवर ऊब घेतो. शिवाय तळघरातल्या पाइपांतून आणि बॉयलरमधून जी उष्णता जाते, ती कुणाच्याच रेडिएटरवर मोजली जात नाही. क्षेत्रफळावरचा हिस्सा आहे तो या दोन गोष्टींसाठी.

आता रेडिएटरवर चिकटवलेल्या त्या छोट्या पांढऱ्या डबीकडे जरा जवळून पाहू. पूर्वी तिच्यात द्रवाची बारीक नळी असे. रेडिएटर जितका तापेल, तितका द्रव उडून जाई, आणि वर्षाअखेरीस माणूस येऊन पातळी वाचून जाई. आज तिथे इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे. ते रेडिएटरचं आणि खोलीचं तापमान पाहून आकडा वाढवत जातं. पण हा आकडा किलोवॅट-तास नव्हे. त्याला कुठलंच एकक नाही. तो फक्त इमारतीतल्या एकूण आकड्यांमधला आपला वाटा सांगतो. इमारतीचा वापरावरचा एकूण खर्च भागिले सगळ्यांचे मिळून झालेले आकडे, म्हणजे एका आकड्याचा भाव. गंमत अशी की सगळ्या इमारतीने मिळून बचत केली, तर एकूण खर्च उतरतो, पण आकड्याचा भाव चढू शकतो. कारण पाइपांतली गळती तेवढीच राहते आणि ती आता कमी आकड्यांवर वाटली जाते. मग घरोघरी तक्रार सुरू होते, ‘एवढं काटकसरीने वागलो, तरी दर वाढला!’ तिथे कागद समजावून सांगणारं कुणी नसेल, तर पुढच्या हिवाळ्यात बचतीवरचा विश्वासच उडतो. हीटिंग खर्चाच्या नियमातल्या 2021च्या सुधारणेनंतर जिथे दुरून वाचता येणारी यंत्रं बसली आहेत, तिथे दर महिन्याला वापराची माहिती देणं बंधनकारक झालं आहे, आणि 2026 संपेपर्यंत सगळीच यंत्रं तशी व्हायची आहेत. माहिती महिन्याला आली, तर ती उपयोगाची. वर्षाने आलेली माहिती म्हणजे नुसतं बिल.

आता पाइपांकडे वळतो. आमच्या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम तिथे आहे.

पाणी नेहमी सोपी वाट धरतं. बॉयलरजवळच्या तळमजल्यावरच्या रेडिएटरमधून ते भरभरून वाहतं आणि पाचव्या मजल्यावरच्या शेवटच्या रेडिएटरपर्यंत जेमतेम पोचतं. पाचव्या मजल्यावरून तक्रार येते, ‘बैठकीची खोली तापत नाही.’ मेकॅनिक येतो, पंप एक घर वर सरकवतो, पाण्याचं तापमान वाढवतो. वरची खोली तापते, तक्रार मिटते. पण तळमजल्यावरच्या आजींना उकडायला लागतं आणि त्या खिडकी तिरकी करून ठेवतात. व्हॉल्व्हमधून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो, तो वेगळाच. तळघरात जाऊन परतीच्या पाइपाला हात लावला, तर चटका बसतो. म्हणजे पाणी उष्णता खोल्यांत न सोडताच परत आलेलं असतं.

यामुळे नव्या कंडेन्सिंग बॉयलरचा फायदाही पाण्यात जातो. गॅसच्या धुरातली वाफ निवून पाणी होते, तेव्हा ती जास्तीची उष्णता देते. पण त्यासाठी परतीचं पाणी सुमारे 57 अंशांच्या खाली असावं लागतं. परत येणारं पाणी 60 अंशांचं असेल, तर महागडा बॉयलर साध्या बॉयलरसारखाच चालतो. उपाय म्हणजे प्रवाहाचा समतोल. खोलीखोलीची उष्णतेची गरज काढायची, प्रत्येक व्हॉल्व्हवर जास्तीत जास्त प्रवाहाची मर्यादा बसवायची, मग पंप आणि पाण्याचं तापमान खाली आणायचं. याला नवं यंत्र लागत नाही, लागतो तो हिशेब, आणि प्रत्येक घराचं दार वाजवण्याची तयारी.

2022मध्ये रशियाचा गॅस थांबला. त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून अधिक तिथूनच येत होता. तेव्हा सरकारने तातडीने नियम काढले. गॅसवर सामायिक हीटिंग असलेल्या, दहा किंवा अधिक घरांच्या इमारतींना 30 सप्टेंबर 2023पर्यंत, आणि सहा किंवा अधिक घरांच्या इमारतींना 15 सप्टेंबर 2024पर्यंत हा समतोल साधायचा होता. ते नियम तात्पुरते होते, त्यांची मुदत संपली. काम मात्र अनेक तळघरांत अजून तसंच आहे.

गरम पाण्याच्या बाबतीत मात्र जपून वागावं लागतं. मोठ्या सामायिक टाकीतून निघणारं पाणी 60 अंशांचं हवं आणि फिरत्या पाइपात ते 55च्या खाली जाता कामा नये. नाहीतर लेजिओनेला जिवाणू वाढतात. काटकसरीच्या नावाखाली हे तापमान उतरवणारा माणूस शेजाऱ्यांच्या फुप्फुसांशी खेळतो. इथे बचत करायची ती पाइपांना जाड इन्सुलेशन करून. तळघरातला उघडा पाइप चोवीस तास, उन्हाळ्यातसुद्धा, तळघरच तापवत असतो. हा प्रश्न आपल्याला घरचाच आहे. पुण्यातल्या सोसायट्यांच्या गच्चीवर सामायिक सोलर वॉटर हीटर असतो. परतीचा पाइप नसेल, तर पहिल्या मजल्यावर सकाळी गरम पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी सोडून द्यावं लागतं. ऊर्जा गच्चीवर फुकट मिळाली, तरी वाट चुकली की ती वायाच जाते.

आता सगळ्यात नाजूक प्रश्नाकडे येतो, पैशांच्या. भिंतींना इन्सुलेशन, नव्या खिडक्या, उष्मापंप, हा खर्च मालकाने करायचा आणि कमी झालेलं बिल भाडेकरूने उपभोगायचं. म्हणून मालक हात आखडता घेतो. वर्षाच्या भाड्यात खर्चाच्या 8 टक्क्यांपर्यंत भर घालण्याची मुभा कायदा त्याला देतो, पण मग भाडेकरू धास्तावतो. 2023पासून एक शहाणी सुधारणा झाली. इंधनावरच्या कार्बन-शुल्काचा बोजा इमारतीच्या दर्जाप्रमाणे दहा पायऱ्यांत वाटला जातो. उत्तम इमारतीत तो सगळा भाडेकरूवर, कारण तिथे वापर त्याच्याच हातात आहे. सगळ्यात वाईट इमारतीत 95 टक्के मालकावर, कारण तिथे भाडेकरूने कितीही स्वेटर घातले, तरी भिंत गळतच राहते. ज्याच्या हातात कळ, त्याच्या खिशाला तोशीस, हे तत्त्व मला पटतं. माझ्या मते शुल्कापुरतं न थांबता सगळ्या हीटिंग खर्चालाच ते हळूहळू लागू व्हायला हवं.

आपल्या वागण्याबद्दलही दोन शब्द. थर्मोस्टॅट व्हॉल्व्हवरचा 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही. व्हॉल्व्हच्या टोपीतला पदार्थ खोलीच्या तापमानाप्रमाणे फुगतो आणि वाट बंद करतो. 5वर तो ती फार उशिरा बंद करतो, एवढंच. म्हणूनच त्या टोपीवर सोफा किंवा जाड पडदा आला, तर तिला खोलीची खबरच लागत नाही. तापमान एक अंश उतरवलं, तर सुमारे 6 टक्के उष्णता वाचते. पण हीटिंग पार बंद करून त्याच खोलीत कपडे वाळत घालणं, स्वयंपाकाची वाफ कोंडून ठेवणं, हे बचतीत बसत नाही. त्यातून भिंतीला बुरशी येते आणि मालकाशी भांडण होतं. खिडकी दिवसभर तिरकी ठेवण्यापेक्षा पाच-दहा मिनिटं सताड उघडून बंद करा. हवा बदलते, भिंती गार होत नाहीत.

मित्रहो, या परिषदेकडून मी तीन गोष्टींची अपेक्षा करतो. पहिली, इमारत सेवांच्या क्षेत्रातल्या आपल्या सभासदांनी बॉयलर बदलण्याचा सल्ला देण्याआधी समतोल आणि तापमान तपासावं. आधी आहे ते नीट चालवा, मग नवं घ्या. म्हणजे नवं यंत्रही लहान आणि स्वस्त लागेल. दुसरी, नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना हीटिंगचा हिशेब समजावणारं एक सोपं मराठी पत्रक आपण तयार करावं. आकड्याचा भाव, क्षेत्रफळाचा हिस्सा आणि 15 टक्के कापण्याचा हक्क त्यात असावा. तिसरी, ज्यांनी इथे स्वतःचा फ्लॅट घेतला आहे, त्यांनी घरमालकांच्या वार्षिक सभेला जावं. बहुतेक ठराव तिथेच होतात, आणि आपली मंडळी तिथे फार कमी दिसतात.

सामायिक ऊब ही सगळ्यांच्या मालकीची गोष्ट आहे, म्हणूनच ती कुणाचीच जबाबदारी राहत नाही. अभियंत्यांनी ती आपली मानावी. यंदाच्या हिवाळ्याआधी प्रत्येकाने आपल्या इमारतीच्या व्यवस्थापनाला एक पत्र पाठवून विचारावं, ‘आमच्या हीटिंगचा समतोल केव्हा साधला होता आणि पाण्याचं तापमान किती ठेवलं आहे?’ उत्तर आलं नाही, तर पुन्हा विचारावं.