धरावे काय, सोडावे काय?

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात पाय गमावलेल्या रुग्णांना एके काळी पाश्चात्त्य धर्तीचे कृत्रिम पाय देण्यात येत. ते पाय वाईट नव्हते. पण बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी ते घडविलेले होते. अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या शेतकऱ्याला ते निरुपयोगी ठरत. रुग्ण तो पाय घरी नेई, कोपऱ्यात उभा करी आणि पुन्हा कुबड्या हाती घेई. अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि शालेय शिक्षण बेताचेच झालेले कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. लाकूड घेऊन पाहिले, ते सोडले. निव्वळ रबर जड पडले, म्हणून तेही सोडले. अखेर १९६८ च्या सुमारास जो पाय सिद्ध झाला, त्याचा घोटा लाकडाचा, टाच व चवडा हलक्या स्पंजी रबराचा आणि त्यांवर सलग रबराचे कवच, असा घाट होता. टायरला नवे रबर चढविणाऱ्या दुकानातील विद्या येथे उपयोगी पडली. ‘जयपूर फूट’ या नावाने तो पुढे जगभर गेला.

या दोघांच्या चिकाटीचे कौतुक सर्वत्र होते, आणि ते रास्तच आहे. परंतु नीट पाहिले तर त्यांनी धरून ठेवले ते फक्त ध्येय. साधने त्यांनी एकामागून एक सोडून दिली. लाकडालाच चिकटून राहिले असते, तर त्यालाही कोणी चिकाटीच म्हटले असते! धरणे आणि सोडणे या दोन क्रिया एकाच डोक्यात शेजारी शेजारी कशा नांदतात, हा प्रश्न मज्जाशास्त्रज्ञांना फार दिवस पडलेला आहे.

त्याच्या उत्तराचा एक मोठा भाग डोपामीन नावाच्या द्रव्यापाशी येतो. मेंदूतील पेशी परस्परांना संदेश देण्यासाठी ज्या रसायनांचा उपयोग करतात, त्यांपैकी हे एक. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याचे महत्त्व दाखवून दिले व २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कपाळामागील बाह्यकात हे द्रव्य योग्य प्रमाणात असले, की मनात धरलेला हेतू आजूबाजूच्या गलबल्यातही टिकून राहतो. मेंदूच्या गाभ्यात असलेल्या स्ट्रायटम या भागात मात्र तेच द्रव्य जणू दारवानाचे काम करते: नवी गोष्ट केव्हा आत घ्यावी, जुनी केव्हा बाहेर काढावी, हे ठरविण्यास साहाय्य करते. एकाच रसायनाने एके ठिकाणी खुंटा रोवावा आणि दुसऱ्या ठिकाणी दार उघडावे, ही मोठी गमतीची योजना आहे. शिवाय प्रमाणाचा प्रश्न आहेच. द्रव्य कमी पडले तरी बिघाड, फाजील झाले तरी बिघाड, आमटीतल्या मिठासारखे.

सेठी किंवा शर्मा यांच्या मेंदूतील डोपामीन कोणी मोजले नव्हते, आणि मोजले असते तरी त्यातून रबराची युक्ती निघाली नसती. रसायन मनाला कल देते, विचार पुरवीत नाही.

हा कल बिघडला म्हणजे काय होते, हे पत्त्यांच्या एका साध्या चाचणीवरून दिसते. पत्ते रंगानुसार लावावयाचे. काही काळाने परीक्षक न सांगता नियम बदलतो आणि आता आकार पाहावयाचा असतो. निरोगी माणूस दोनतीनदा चुकतो आणि वळतो. कपाळामागील भागाला इजा झालेले रुग्ण ‘चूक’ हा शब्द कानांनी ऐकूनही पुन्हा रंगच लावत राहतात, असे ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्ये नोंदविले. केंब्रिजमधील संशोधकांनी २००४ साली मार्मोसेट जातीच्या लहान माकडांवर केलेल्या प्रयोगांत सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाचाही हात दिसला. कपाळामागील भागात ते घटविल्यावर, खाऊ ज्या चिन्हामागे पूर्वी मिळे त्याच चिन्हाकडे ती माकडे पुनःपुन्हा जात राहिली. खाऊ आता दुसरीकडे होता.

घरोघरी हा प्रश्न कंपवाताच्या रूपाने येतो. या रोगात डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी झडत जातात. हात थरथरतो, पाऊल अडते, हे सर्वांना दिसते. एका कामातून दुसऱ्या कामात मन वळविणेही जड जाते, ते मात्र सहसा ध्यानात येत नाही. घरातील माणसे म्हणतात, ‘आजोबा म्हातारपणी हट्टी झाले.’ वस्तुतः येथे स्वभावाला दोष देण्याआधी रोगाचा विचार व्हावयास हवा.

यावर लेव्होडोपा हे औषध दिले जाते. आपल्या रानात उगवणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांतही हेच द्रव्य असते; मद्रासच्या दोन रसायनज्ञांनी १९३७ मध्ये ते वेगळे काढून दाखविले होते. औषधाने पाऊल सुटते आणि कामांची अदलाबदलही पुष्कळदा सोपी होते. पण जो भाग अद्याप शाबूत आहे, त्यालाही तेच औषध पोहोचते आणि तेथे द्रव्याची अतिवृष्टी होते. मग तोट्यावरून शहाणे होण्याची शक्ती मंदावू शकते. डोपामीनची नक्कल करणारी याच रोगावरील काही औषधे घेताना तर आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेला एखादा गृहस्थ जुगाराकडे वळल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. म्हणून रुग्णाच्या चालण्याबरोबरच त्याच्या वागण्यातील बदलही घरच्यांनी डॉक्टरांना सांगावयाचे असतात. औषध मात्र आपल्या मनाने एकाएकी थांबवावयाचे नसते; मात्रा किती कमी करावी किंवा औषध कोणते बदलावे, हे डॉक्टरांनी त्या माहितीवरून ठरवावयाचे.