जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका, त्यात लिनक्स टाका
(सुट्टीच्या दिवशी कॅम्पमध्ये केलेलं भाषण)



आज पगारावर नाही, लॅपटॉपवर बोलणार आहे. पण शेवटी गाडी पगारावरच येणार, एवढं ध्यानात ठेवा.

गेल्या वर्षी आमच्या खोलीतल्या एका पोराने जुना लॅपटॉप विकत घेतला. दुकानदाराने त्यात क्रॅक केलेलं, म्हणजे चोरीचं विंडोज घालून दिलेलं. महिन्याभरात व्हायरस आला, सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या आणि स्क्रीनवर पैशांची मागणी. आठ महिन्यांच्या टाइमशीटचे फोटो त्यातच होते. ओव्हरटाइमची तक्रार करायला गेला तेव्हा हातात काहीच नाही. तक्रार खरी होती, पुरावा गेला.

म्हणून सांगतो, लिनक्सची ओळख करून घ्या. विंडोजसारखीच ही कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहायला घेतला आणि पुढे तो सगळ्यांसाठी खुला केला. तुमचा अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. म्हणजे वापरताय रोज, फक्त नाव माहीत नव्हतं! ही प्रणाली फुकट आहे आणि कायदेशीरही आहे. क्रॅक शोधायची गरजच नाही.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बऱ्याच जुन्या मशीनवर ११ चढत नाही. अशा लॅपटॉपला लिनक्स कामाला लावतं.

नवख्या माणसाने ‘लिनक्स मिंट’ घ्यावं. त्याचा मेनू विंडोजसारखा, त्यामुळे हात लवकर बसतो. रॅम ४ जीबी असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे.

आता कृती ऐका. पहिलं काम, लॅपटॉपमधले फोटो, कागद सगळं दुसरीकडे कॉपी करा. मग मिंटच्या अधिकृत साइटवरून फाइल उतरवा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार, म्हणून रिकामाच घ्या. रूफस किंवा एचर या फुकट प्रोग्रॅमने फाइल त्यावर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही. लॅपटॉप चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबा (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) आणि पेनड्राइव्ह निवडा. मिंट तिथूनच चालू होईल. लगेच इन्स्टॉल करू नका. वायफाय, आवाज, कीबोर्ड चालतोय का बघा. तोपर्यंत जुन्या डिस्कला धक्का लागत नाही. पटलं तरच इन्स्टॉल करा. ‘डिस्क पुसा’ असा पर्याय आला की थांबा, कॉपी झाली का ते पुन्हा बघा, मगच पुढे जा.

कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर हे अजिबात करू नका. नसती भानगड अंगावर येईल.

इन्स्टॉल करताना होम फोल्डर कुलूपबंद करायचा पर्याय मिळतो. एका खोलीत सहा-आठ जण राहतो आपण, तेव्हा तो घ्या. पण पासवर्ड विसरलात तर कोणीही उघडून देणार नाही, हेही लक्षात ठेवा.

मिंटमध्ये लिब्रेऑफिस असतं. त्यात एक तक्ता करा: तारीख, कामावर गेलो ती वेळ, सुटलो ती वेळ, जादा तास, हातात आलेला पगार. रोज दोन मिनिटं लागतात. मराठी कीबोर्डही जोडता येतो, आपल्या भाषेत लिहा. करारपत्र, पासपोर्ट, व्हिसा, पगाराच्या स्लिपा यांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

आणि लिनक्स आलं म्हणजे धोका संपला असं मी म्हणत नाही. त्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक गावी घरच्यांकडे हवीच. लॅपटॉप चोरीला जातो, पाण्यात पडतो, बंदही पडतो.

कंपनीकडे तुमच्या तासांची नोंद असते. आपली स्वतःची नोंद आपल्याकडेही असू द्या. पुढच्या सुट्टीला पेनड्राइव्ह घेऊन या, मिळून बसू. पहिल्यांदा जमलं नाही तरी लाजू नका. मलाही तिसऱ्या वेळी जमलं.