बोलायला शिकवणाऱ्याचं आडनाव

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख करून दिली गेली. ‘नामवंत वक्तृत्व प्रशिक्षक, शेकडोंना बोलतं केलं’ वगैरे. ही ओळख मीच लिहून दिलेली असते. सगळे पाहुणे तेच करतात. तिच्यात खोटं काही नाही, पण खरंही काही नाही. म्हणून आज दुसरी ओळख सांगतो.

माझा बाप नगरपालिकेचा झाडूवाला. पहाटे हजेरी चौकीवर उभा राहायचा. मुकादम नाव पुकारायचा, बाप ‘हजर’ म्हणायचा. साहेबलोकांपुढं त्याच्या तोंडून दिवसभरात निघणारा शब्द तेवढाच. आणि हाच माणूस रात्री जेवणं उरकल्यावर असे किस्से सांगायचा की शेजारची चार घरं आमच्या उंबऱ्याशी येऊन बसायची. म्हंजे बापाला बोलता येत नव्हतं असं नाही. त्याचं बोलणं कुणाला नको होतं. हे दोन वेगळे रोग आहेत. त्यांची औषधंही वेगळी आहेत. एवढं कळायला मला वीस वर्षं लागली.

बाप नोकरीत असतानाच गेला. वारसा हक्कानं थोरल्या भावाला झाडू मिळाला. भावानं झाडू धरला म्हणून माझ्या हातात पुस्तक राहिलं. बी.ए. झालो. विमा विकला, वॉटर फिल्टर विकले. विकता विकता तोंड सुटलं. मग एका नावाजलेल्या संस्थेत, वक्तृत्व शिकवणाऱ्यांना घडवतात त्या प्रशिक्षणाला बसलो.

तिथला मास्तर असा घडतो. आधी स्वतः विद्यार्थी व्हायचं. मग दुसऱ्याच्या वर्गात खुर्च्या मांडायच्या, वेळ संपली की घंटी वाजवायची, कोण किती वेळा ‘अं अं’ करतो ते मोजायचं. मग अर्धा वर्ग आपण घ्यायचा आणि मुख्य प्रशिक्षक मागं वही घेऊन बसणार. नियम दोन. बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये. चूक सांगायच्या आधी चांगलं काय झालं ते सांगावं. नियम उत्तम आहेत. आजही पाळतो. एकदाच मोडला, त्याचंच सांगायला आलोय.

पहिल्याच दिवशी हुकूम झाला : दोन मिनिटांत आपली पार्श्वभूमी सांगा. एकाच्या वाड्यात आजोबांची कीर्तनं व्हायची. एकीची आई रेडिओवर बोलायची. माझी पाळी आली. म्हणालो, ‘वडील नगरपालिकेत होते.’ प्रशिक्षकबाईंनी विचारलं, ‘ऑफिसात का?’ माझी मान हलली. हो म्हणाली की नाही, ते त्यांनी त्यांच्या सोयीनं ठरवलं. पुढं कार्डावर नुसतं पहिलं नाव छापलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, सुटसुटीत दिसतं.

तिथंच डेल कार्नेगीची गोष्ट शिकवली. जन्म १८८८चा, अमेरिकेतल्या मिसुरीतला. गरीब शेतकऱ्याचा पोरगा. गावात राहायला पैसे नाहीत म्हणून शेतावरून घोड्यावर बसून कॉलेजला जायचा. पुढं फिरून साबण आणि डुकराची चरबी विकली. १९१२ साली न्यूयॉर्कच्या वायएमसीएत बोलण्याचे वर्ग घेतो म्हणाला, तर त्याला रात्रीचे दोन डॉलर द्यायलाही ते तयार नव्हते. तेव्हा जमेल त्या पैशातला वाटा घेईन म्हणाला. पहिल्याच वर्गात त्याच्याजवळचं सांगण्यासारखं संपलं. मग त्यानं लोकांना सांगितलं : तुम्हाला ज्याचा राग येतो त्यावर बोला. आणि माणसं भीती विसरून बोलायला लागली!

ध्यानात घ्या. जगभर पसरलेली ही विद्या रागापासून सुरू झाली. त्याच कार्नेगीचं १९३६चं गाजलेलं पुस्तक मात्र सांगतं, हसा, वाद टाळा. राग विकला जात नाही, हसू विकलं जातं. मधल्या काळात त्यानं स्वतःच्या आडनावाचं स्पेलिंगही बदललं, पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीसारखं केलं. वर्गात सगळे हसले. मी खिशातल्या कार्डाला हात लावला.

मग संस्थेनं मला एका वसतिगृहावर रविवारचा वर्ग घ्यायला धाडलं. एक पोरगा उठला. विषय, वसतिगृहाचा नळ. म्हणाला, ‘आमच्याकडं पानी येत न्हाई.’ मी म्हणालो, ‘पाणी.’ तो पुढं बोलला, पुन्हा ‘पानी’. मी पुन्हा ‘पाणी’. तिसऱ्या वेळी तो गप्प झाला. माझ्याकडं बघत राहिला. मग हळूच विचारलं, ‘सर, तुमच्या घरी काय म्हनायचे?’

आणि खाली बसला.

शुद्ध भाषेचं सोवळं नेसून मी तिथं उभा होतो आणि माझ्या घरी ‘पानी’च म्हणायचे. त्याचं मराठी बिघडलंय म्हणून मी त्याला तोडलं नव्हतं. त्याच्या ‘पानी’त मला माझं घर ऐकू येत होतं, आणि ते बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तोडलं. जो नियम वाड्यातल्या पोरांसाठी पाळला, तो आपल्याच पोरासाठी मोडला. मुकादमाला तरी पगार मिळतो. मी हे फुकट करत होतो.

पुढच्या रविवारी आधी मी बोललो. बाप, हजेरी चौकी, भावाचा झाडू, आडनाव, सगळं. पाय लटपटत होते. नंतर तोच प्रश्न टाकला : कशाचा राग येतो? तो पोरगा त्याच नळावर अकरा मिनिटं बोलला. मी घंटी वाजवली नाही. ‘पानी’ किती वेळा आलं ते मोजलं नाही.

दोस्तांनो, जुलै १९५६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाची शाळा काढली. विद्यार्थी पंधरा. डिसेंबरात बाबासाहेब गेले. मार्च १९५७ नंतर शाळा बंद पडली. नुसते बोलणारे असून भागत नाही, बोलायला शिकवणारे घडवावे लागतात, हे त्या माणसानं ओळखलं होतं. तुमच्यातले काहीजण उद्या वस्तीत वर्ग घेणार आहेत. त्यांच्यासाठी माझ्याकडून एकच अट : शिकवणाऱ्यानं आपली पार्श्वभूमी आधी सांगायची, आणि पुरी सांगायची. जो आपलं घर लपवतो, तो समोरच्याच्या तोंडावर हात ठेवल्याशिवाय राहत नाही. हे मी करून बसलोय म्हणून सांगतोय.

बाकी कसब फार नाही. पहिलं वाक्य ठरवून या, उरलेलं पाठ करू नका. गर्दीकडं बघू नका, एका माणसाकडं बघा. पाय थरथरले तर थरथरू द्या, माझे आत्ताही थरथरतायत. जे जगलात तेच बोला.

आता मी खाली बसतो. पहिलं कोण येतंय? विषय तोच, कशाचा राग येतो. घंटी मी आणलेली नाही.