वर्गातील मदतनीस : काम आणि जबाबदारी
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



डॉक्टर, इंजिनियर, अधिकारी झालेल्यांचा आपण सत्कार करतो आणि ते योग्यच आहे. परंतु शाळेत शिक्षकांच्या हाताखाली राहून मागे पडलेल्या मुलाला पुढे आणणारी मदतनीसही शिक्षणाचेच काम करीत असते. आपल्यातील बारावी किंवा पदवी झालेल्या अनेकांना हे काम करता येईल. म्हणून ते नीट समजून घेणे आवश्यक आहे.

प्रथम मुंबईचेच उदाहरण घेऊ. महानगरपालिकेच्या शाळांत 'प्रथम' या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'बालसखी' उपक्रम सुरू केला. बालसखी म्हणजे वस्तीतीलच शिकलेली तरुणी. तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे. तिसरी-चौथीत असूनही ज्यांना पहिली-दुसरीचे वाचन आणि अंकज्ञान आलेले नाही, अशी पंधरा-वीस मुले ती शाळेच्या वेळेतच रोज सुमारे दोन तास शिकवी. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा येथे या कामाची पाहणी झाली. पाहणी करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांचे गुण वाढले आणि सर्वांत जास्त लाभ सर्वांत मागे असलेल्या मुलांना झाला, असे त्यात दिसून आले.

दुसऱ्या प्रकारची मदतनीस वर्गातच मुलाजवळ बसते. शहरात तिला 'शॅडो टीचर' म्हणतात. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत समावेश आहे. अशी मुले आपल्याही घरांत आहेत. पण 'मठ्ठ' किंवा 'मस्तीखोर' असा शिक्का मारून आपण मोकळे होतो.

एखादा मुलगा वर्गातून उठून पळतो, वही फाडतो. अशा वेळी मदतनीसाने तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले. आठवडाभर टिपणे ठेवली की कारणाचा माग लागतो. फळ्यावरचे उतरवून घेण्याच्या वेळीच तो उठत असेल, तर बहुधा त्याला लिहिणे जड जात असते. मग शिक्षकांशी बोलून दहा ओळींऐवजी तीन ओळी द्याव्यात. दमल्यावर 'थोडा थांबू का?' असे विचारायला त्याला शिकवावे. सूचना एका वेळी एकच द्यावी. उत्तरासाठी थांबावे, घाई करू नये. नुसते 'शाबास' म्हणण्यापेक्षा 'तू आज आपणहून वही काढलीस' असे नेमके सांगावे. हात मात्र कधीही उगारू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केलेली आहे.

या कामात एक धोकाही आहे, तो म्हणजे अति मदतीचा. १९९७ साली अमेरिकेत मायकेल जियांग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांतील निरीक्षणांवरून दाखवून दिले की, मदतनीस सतत चिकटून बसली तर मूल तिच्यावर अवलंबून राहते, वर्गमित्रांपासून तुटते आणि शिक्षक त्याची जबाबदारी तिच्यावर सोडून देतात. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसण्याचे दुःख काय असते, हे या सभागृहात समजावून सांगायला नको. बाबासाहेबांना लहानपणी शाळेत कोपऱ्यात, गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागले होते. मायेपोटी का होईना, मदतनीसाने मुलासाठी नवा कोपरा तयार करू नये. त्याला इतर मुलांमध्येच बसवावे, आपण थोडे मागे राहावे आणि त्याला जमू लागले की हात काढून घ्यावा. आपल्यावाचून मुलाचे अडू नये, हेच या कामाचे यश होय.

आता मानधनाविषयी. हे काम 'सेवा' म्हणून गौरवायचे आणि पैसे मात्र तुटपुंजे द्यायचे, असा अनुभव अनेक जणी सांगतात. शिकविण्याची जबाबदारी शिक्षकांचीच आहे. मदतनीस त्यांची बदली नव्हे आणि शाळेची मोलकरीणही नव्हे. नेमणुकीचे पत्र, प्रशिक्षण आणि शिक्षकांसोबत बसून नियोजन करण्याचा वेळ, एवढे मागण्यात संकोच नसावा. ज्यांना विशेष शिक्षक व्हायचे आहे, त्यांनी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम निवडावा. प्रवेशापूर्वी मान्यतेची खात्री अवश्य करून घ्यावी.

शेवटी एक विनंती. आपल्या अभ्यासिकेत दर रविवारी मोठ्या विद्यार्थ्यांनी दोन-दोन लहान मुले घेऊन बसावे आणि वाचन, गणित घ्यावे. सभासदांनी वह्या-पुस्तकांबरोबर त्या मुलांच्या पालकांशीही बोलावे. ज्या घरात मुलाला रोज 'तुला काही येत नाही' असे ऐकावे लागते, तिथे आपण जाऊन त्याला काय येते ते सांगितले पाहिजे. एवढे काम आपण वर्षभर नेमाने केले, तर पुढच्या मेळाव्यात त्या मुलांपैकी कोणीतरी या ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून वाचून दाखवील.